सोल संगीताची मैफल आणि नाचणारा श्रोता

'सोल' हा इंग्रजी शब्द मराठीत आणू गेले असता अडचण उभी राहते ती शब्दांच्या तुटवड्याची नव्हे, विपुलतेची. आत्मा म्हणावे, तर वेदान्ताचा वास येतो; जीव म्हणावे, तर प्राणिमात्राचा बोध होतो; अंतःकरण म्हणावे, तर ते फारच हळुवार पडते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाने १९५० नंतरच्या दोन-अडीच दशकांत जे गाणे घडविले आणि ज्याला हे नाव मिळाले, त्यातील 'सोल'चा अर्थ या तिन्ही शब्दांच्या मधोमध कोठेतरी आहे. एखादा गवई 'जीव ओतून गायला' असे आपण म्हणतो, तेव्हा जो जीव आपल्या मनात असतो, तो बहुधा त्याला सर्वांत जवळचा. तथापि 'आत्मसंगीत' अथवा 'जीवसंगीत' अशी नाणी पाडून ती बाजारात चालविण्याचा अट्टाहास आम्ही करीत नाही. मूळ शब्दच ठेवून त्यामागील वस्तू काय आहे, ते पाहावे हे बरे.

ही वस्तू समजून घेण्यात आपल्याकडील सुसंस्कृत श्रोत्याला एक नड येते. मैफलीत निश्चल बसणे, फार तर मान डोलविणे अथवा बोटांनी मात्रा मोजणे, हीच रसिकतेची खूण होय असे आपण लहानपणापासून मानीत आलो आहो. जो उठून नाचू लागला, तो गाण्यातून उठला, अशी आपली समजूत. सोल संगीताच्या मैफलीत नियम बरोबर उलटा आहे. तेथे जो बसून राहिला तो गाण्याबाहेर राहिला. श्रोत्याचे नाचणे हा गाण्याचा परिणाम तर आहेच, पण तो गाण्याचा घटकही आहे. वादक त्याच्याकडे पाहून वाजवितो, गायक त्याच्याकडे पाहून कडवे लांबवितो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुले ठेक्यावर नाचू लागली की त्याला 'धांगडधिंगा' म्हणून मोकळे होणाऱ्या आम्हां अध्यापकवर्गाने तरी हा उलटा नियम कोठून आला, याचा विचार केला पाहिजे.

तो आला देवाच्या दारातून. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे ढोल अमेरिकेतील मळेवाल्यांना भीतिदायक वाटत असत, आणि ती भीती अगदीच निराधार नव्हती. १७३९ मध्ये दक्षिण कॅरोलायनात स्टोनो नदीच्या काठी गुलामांनी जो उठाव केला, त्यात ढोल वाजवून लोक गोळा केले गेले. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १७४० मध्ये, तेथील कायद्याने गुलामांना ढोल व शिंगे बाळगण्याची बंदी केली. ढोल गेले, पण ठेका गेला नाही. तो हातांच्या टाळ्यांत आणि पायांच्या टाचांत जाऊन बसला. जॉर्जिया व दक्षिण कॅरोलायना यांच्या किनारपट्टीवर 'रिंग शाउट' नावाचा जो उपासनाप्रकार टिकून राहिला, त्यात भक्तजन घड्याळाच्या उलट दिशेने रिंगण धरून पाय घाशीत फिरतात. एक जण गाण्याची ओळ उचलतो, इतर जण ती झेलतात, आणि एक जण झाडूच्या दांड्याने लाकडी भुईवर ठेका धरतो. येथे एक बारीकशी अट आहे. पायावर पाय येता कामा नये, कारण पाय ओलांडला की ते नृत्य झाले, आणि नृत्य म्हणजे पाप! ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी घातलेल्या या बंधनाचे पालन करीत करीत लोकांनी जे केले, ते नृत्य नव्हते असे कोण म्हणेल? पोवाड्यात झील धरणारे ज्याने ऐकले आहेत, त्याला एकाने ओळ टाकावी आणि इतरांनी ती झेलावी, ही रीत समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे याच रीतीवर कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल गायन उभे राहिले, आणि त्या गायनातूनच सोल संगीत निघाले.

निघाले म्हणजे चर्चच्या दारातून बाहेर पडले, असा शब्दशः अर्थ घ्यावा. जन्मांध नसला तरी बालपणीच दृष्टी गमावलेला रे चार्ल्स हा गायक-पियानोवादक या स्थित्यंतराचा सर्वांत मोठा कर्ता. १९५४ मध्ये त्याने 'आय गॉट अ वुमन' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. चाल आणि आवेश गॉस्पेलचा, शब्द मात्र लौकिक प्रेमाचे. देवासाठी घडविलेली चाल प्रेयसीसाठी वापरली, म्हणून चर्चमधील पुष्कळ लोक त्याच्यावर संतापले. आमच्या मते त्यांचा राग समजण्यासारखा होता, पण तो वस्तुस्थितीच्या आड येत होता. रविवारी सकाळी चर्चमध्ये ज्या आवेशाने माणसे उभी राहत, त्याच आवेशाने शनिवारी रात्री ती नृत्यगृहात उभी राहत. माणसे तीच, टाळीही तीच. चार्ल्सने दोहोंमधील भिंत पाडली, एवढेच.

या भिंतीपलीकडे काय होते, ते त्याच्याच एका गाण्याच्या जन्मकथेवरून चांगले कळते. ही हकीकत त्याने स्वतः सांगितलेली आहे. १९५८ च्या डिसेंबरात पेन्सिल्व्हेनियातील एका नृत्यरात्रीला त्याचा वाद्यवृंद वाजवीत होता. ठरलेली सारी गाणी संपली, आणि करारातील वेळ मात्र अजून दहा-बारा मिनिटे शिल्लक राहिली. तेव्हा त्याने सहगायिकांना सांगितले की, मी जे काही म्हणेन ते तुम्ही मागून म्हणा. आणि वादकांना सांगितले की, माझ्या मागोमाग या. इलेक्ट्रिक पियानोवर त्याने एक लहानशी सुरावट धरली, तिच्यावर सुचतील तसे शब्द आणि हुंकार टाकले, आणि सहगायिकांनी ते झेलले. नाचणारांच्या पायांनी खोली हादरू लागली, ते आंधळ्या गायकाला पायांखालून कळले. पुढील काही रात्री त्याने तोच प्रयोग केला आणि सर्वत्र तेच घडले. १९५९ च्या फेब्रुवारीत हे गाणे 'व्हॉट्ड आय से' या नावाने मुद्रित झाले. सहा मिनिटांहून लांब असल्यामुळे ते तबकडीच्या दोन बाजूंना तोडून घालावे लागले. आम्हांला या कथेतील महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की, हे गाणे कोणा कवीने खोलीत बसून लिहिले नाही, की संगीतकाराने पियानोवर जुळविले नाही. नाचणाऱ्या समुदायाने ते गायकाकडून काढून घेतले.

पण नाचणारा समुदाय म्हणजे कोण? येथे विषयाला दुसरे, अधिक गंभीर अंग आहे. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या आणि काळ्या लोकांनी एकत्र बसावयाचे नाही, जेवावयाचे नाही, मग एकत्र नाचणे तर दूरच. काही नृत्यगृहांत मधोमध दोर बांधून भुईचे दोन भाग करीत. एका अंगाला गोरे, दुसऱ्या अंगाला काळे. काही ठिकाणी एका वंशाने खाली नाचावयाचे आणि दुसऱ्याने सज्जात बसून पाहावयाचे. गाणारा कृष्णवर्णीय, वाजविणारे कृष्णवर्णीय, गाण्यातील प्रत्येक लकब त्या समाजाच्या चर्चमधून आलेली. आणि नाचण्याची भुई मात्र गोऱ्यांची! १९६१ च्या मार्चमध्ये जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा या गावी बेल ऑडिटोरियममध्ये रे चार्ल्सचा कार्यक्रम ठरला होता. नृत्याची भुई गोऱ्यांसाठी राखून ठेवून कृष्णवर्णीयांना सज्जात बसविण्यात येणार आहे, असे तेथील पेन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी त्याला कळविले, तेव्हा त्याने कार्यक्रमच रद्द केला. आयोजकाने कोर्टात खेचले आणि त्याला सातशेहून अधिक डॉलर भरपाई द्यावी लागली. पुढे एका चित्रपटात असे दाखविले गेले की, या प्रकारामुळे जॉर्जियाच्या विधिमंडळाने त्याला राज्यात गाण्याची बंदी केली. ते नाट्याच्या सोयीसाठी केलेले आहे, तशी बंदी कधी झाली नव्हती. घडले ते निराळे आणि आमच्या दृष्टीने अधिक बोलके: चार्ल्सने गाइलेले 'जॉर्जिया ऑन माय माइंड' हे गाणे १९७९ मध्ये त्याच राज्याने आपले राज्यगीत म्हणून स्वीकारले. त्याच १९६१ मध्ये सॅम कुक या गायकानेही मेम्फिसमध्ये श्रोत्यांना वंशवार बसविण्याच्या कारणावरून गाण्यास नकार दिला होता. कुक हाही गॉस्पेलमधूनच आलेला.

उत्तरेकडे स्थिती थोडी निराळी होती, आणि तेथे एकत्र नाचण्याची परंपरा सोलच्याही आधीची. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९२६ मध्ये उघडलेले सॅव्हॉय बॉलरूम हे सर्व वंशांच्या लोकांना खुले होते. तेथे दोन व्यासपीठे असत, म्हणजे एका वृंदाने थांबावे आणि दुसऱ्याने तत्काळ उचलावे, मध्ये खंड नाही. 'लिंडी हॉप' हे जोडीचे चपळ नृत्य त्याच भुईवर वाढले. १९३७ मध्ये चिक वेब आणि बेनी गुडमन या दोन वृंदांची तेथे जी झुंज झाली, तिच्यात घरचा वृंद म्हणजे वेबचा सरस ठरला; गुडमन गोरा आणि देशभर गाजलेला, तर वेब पाठीच्या कण्याच्या व्याधीने खुजा राहिलेला कृष्णवर्णीय तालवादक. निर्णय परीक्षकांनी नव्हे, नाचणारांनी दिला. १९५८ मध्ये सॅव्हॉय बंद पडले आणि त्या जागी निवासी इमारती उभ्या राहिल्या.

आता या ठेक्याचे तंत्र थोडे पाहू. कारण 'जोरदार ठेका' एवढे म्हटल्याने काहीच कळत नाही. सोल संगीत बहुधा चार मात्रांच्या आवर्तनात चालते. युरोपीय पलटणी संचलनात पहिली व तिसरी मात्रा वजनदार असते. गॉस्पेल गाणारे टाळी देतात ती दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर, म्हणजे जेथे पाऊल पडत नाही तेथे. पाऊल आणि टाळी यांच्या या आलटून-पालटून पडण्यामुळे शरीरात एक झोका उत्पन्न होतो, आणि त्या झोक्याला कोठेच पूर्ण विसावा नसल्याने तो पुढे पुढे ढकलीत राहतो. हे झाले मूळ रूप. त्यात जेम्स ब्राउन याने १९६५ च्या सुमारास एक क्रांतिकारक फेरफार केला: त्याने सारे वजन पहिल्या मात्रेवर आणले. आपल्या वादकांना तो 'एक' सांभाळा, 'एक' सांभाळा असे बजावीत असे. आमच्या वाचकांना हे ऐकून हसू येईल, कारण ज्याला ब्राउन 'एक' म्हणे, तिलाच आपण सम म्हणतो, आणि समेवर येणे हा आपल्या संगीतातील परमानंद होय. ब्राउनची रीत मात्र आपल्याहून भिन्न. आपला गवई समेला उशिरा, फेर घेऊन, चकवा देऊन येतो. ब्राउनचा वृंद दर आवर्तनाला समेवर एकदम आदळतो आणि मधल्या तीन मात्रांत जो तो आपापला चकवा करतो. 'कोल्ड स्वेट' (१९६७) या गाण्यात गिटारही सुरांसाठी नव्हे तर ठेक्यासाठी वाजते. ती जणू तारांची डफली होते. मुख्य भागात स्वरसंगती जवळजवळ बदलतच नाही. कथक नृत्यातील लेहरा आठवावा. तीच लहानशी सुरावट अखंड फिरत राहते, म्हणूनच नर्तकाला मोकळे अवकाश मिळते. येथे तो नर्तक म्हणजे तिकीट काढून आलेला प्रत्येक जण.

चकव्याचे हे प्रमाण किती असावे, याचाही अलीकडे अभ्यास झाला आहे. २०१४ मध्ये मारिया विटेक आणि त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ढोलाचे निरनिराळे ठेके लोकांना ऐकवून, कोणत्या ठेक्यावर अंग हलविण्याची इच्छा होते, असे विचारले गेले. अगदी सरळ ठेक्यावर ती इच्छा कमी, फार गुंतागुंतीच्या ठेक्यावरही कमी. मात्रा थोडी चुकविणाऱ्या, पण हरवू न देणाऱ्या मधल्या ठेक्यावर सर्वांत अधिक. कानाला जेथे एक आघात अपेक्षित असतो आणि तो पडत नाही, तेथे ती रिकामी जागा शरीर भरून काढते, असे या निष्कर्षाचे स्पष्टीकरण केले जाते. कोणत्याही मुरलेल्या ढोलकीवाल्याला हे ठाऊक असते, हे खरे. पण ठाऊक असणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे.

जेम्स ब्राउनच्या मैफलीचे वर्णन केल्याखेरीज या विषयाला न्याय मिळणार नाही. हार्लेममधील १२५ व्या रस्त्यावरचे अपोलो थिएटर १९१४ मध्ये बांधले गेले, तेव्हा तेथे कृष्णवर्णीय प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. १९३४ पासून ते त्यांचेच झाले. दर बुधवारी तेथे हौशी कलावंतांची रात्र असे, आणि त्या रात्रीचा प्रेक्षक निर्दय म्हणून प्रसिद्ध. एला फिट्झजेराल्ड ही पुढे जगप्रसिद्ध झालेली गायिका १९३४ मध्ये तेथे आली ती नाचण्यासाठी. आयत्या वेळी धीर सुटला म्हणून ती गाइली, आणि पहिली आली. १९६२ च्या २४ ऑक्टोबरला, अशाच एका बुधवारी, ब्राउनने तेथील आपला कार्यक्रम ध्वनिमुद्रित करविला. सिनसिनाटीच्या किंग रेकॉर्ड्सचा मालक सिड नेथन या कल्पनेच्या विरुद्ध होता. एकही नवे गाणे नाही, आणि वर लोकांचा आरडाओरडा. असली तबकडी कोण घेणार? अखेरीस ब्राउनने मुद्रणाचा खर्च पदरचा केला. 'लाइव्ह ॲट द अपोलो' ही तबकडी १९६३ मध्ये बाहेर आली, ती अमेरिकेच्या सर्वसाधारण विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली आणि ६६ आठवडे त्या यादीत राहिली.

तिच्यातील 'लॉस्ट समवन' हे गाणे आम्ही वाचकांनी अवश्य ऐकावे असे सुचवितो. ते दहा मिनिटांहून अधिक चालते. वृंद एक मंद आवर्तन धरून बसलेला, आणि ब्राउन श्रोत्यांशी जवळजवळ बोलतो. तो एक हुंकार टाकतो, सभागृहातून किंकाळी येते. तो थांबतो, सभागृह थांबते. तो तोच शब्द पुन्हा, किंचित वेगळ्या स्वरात टाकतो, आणि या वेळी कोण ओरडले ते ओळखून त्या दिशेने पुढचा शब्द सोडतो. ज्याला नेथन आरडाओरडा समजत होता, ते गाण्याचे दुसरे अर्धे अंग होते. कीर्तनकार श्रोत्यांचा अदमास घेत आख्यान लांबवितो वा आटोपतो, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही देवघेव परकी वाटणार नाही.

बाकी, हा माणूस लष्करी शिस्तीचा होता. वाजविताना कोणी चुकला की नाचता नाचता तो त्याच्याकडे हाताची बोटे दाखवी; जितकी बोटे, त्या हिशेबाने दंड. प्रेक्षकांना तो नृत्याचाच एक हस्तविक्षेप वाटे! शेवटच्या गाण्यात थकून गुडघ्यांवर कोसळावयाचे, मग सहकाऱ्याने खांद्यांवर झगा घालून त्याला आत न्यावयाचे, आणि अर्ध्या वाटेवर झगा भिरकावून त्याने पुन्हा ध्वनिक्षेपकाकडे धावावयाचे, हा त्याचा ठरलेला प्रवेश. सारे ठरलेले आहे हे प्रत्येकाला ठाऊक, आणि तरी दर वेळी सभागृह बेभान. लळितातील सोंग ठरलेलेच असते, म्हणून कोणी त्याला कृत्रिम म्हणत नाही.

या वृंदाच्या एका तालवादकाविषयी येथे लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो. क्लाइड स्टबलफील्ड याने 'फंकी ड्रमर' या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या गाण्यात काही सेकंद एकट्याने ठेका धरला आहे. पुढे यंत्राने जुने ध्वनी उचलून नव्या गाण्यांत बसविण्याची कला आली, तेव्हा तो तुकडा असंख्य गाण्यांत वापरला गेला. गाण्याच्या स्वामित्वात त्याचे नाव नसल्यामुळे या वापराचे स्वामित्वधन त्याच्या वाट्यास आले नाही. साऱ्या जगाला नाचविणारा ठेका, आणि ठेक्यावर हक्क मात्र नाही. कारण कायदा चाल आणि शब्द ओळखतो, ठेका ओळखीत नाही. तो २०१७ मध्ये वारला.

डेट्रॉइटच्या मोटाउन संस्थेने आपल्या गायकांना नृत्यशिक्षक ठेवून नेमकी पदन्यासरचना शिकविली. ते गाणे सुबक आहे, लोकप्रियही आहे, पण आमचे मन मेम्फिसच्या स्टॅक्सकडे अधिक ओढ घेते. जुन्या चित्रपटगृहात थाटलेल्या या संस्थेच्या घरच्या वृंदात, 'बुकर टी. अँड द एम.जी.ज्'मध्ये, दोन वादक काळे आणि दोन गोरे होते. ज्या शहरात ते एका टेबलाशी जेवू शकत नसत, त्याच शहरात चौघांनी मिळून ऑटिस रेडिंगच्या मागे साथ केली. रेडिंग १९६७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरेच्या महोत्सवात गाइला, तेथील गोऱ्या तरुणांपैकी पुष्कळांनी त्याला पूर्वी ऐकलेही नव्हते. त्याच डिसेंबरात विमान सरोवरात कोसळून, वयाच्या २६ व्या वर्षी, तो गेला.

१९६८ च्या ४ एप्रिलला मेम्फिसमध्येच मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि अमेरिकेतील अनेक शहरे पेटली. दुसऱ्या दिवशी बॉस्टनमध्ये ब्राउनचा कार्यक्रम होता. तो रद्द करावा की होऊ द्यावा, यावर बराच खल होऊन शेवटी महापौर केव्हिन व्हाइट यांनी तो होऊ दिला, इतकेच नव्हे तर दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपितही करविला, जेणेकरून लोक घरी राहावेत. कार्यक्रमाच्या उत्तरार्धात काही तरुण नाचत नाचत मंचावर चढले. पोलिसांनी त्यांना ढकलण्यास सुरुवात केली. क्षण मोठा कठीण होता. ब्राउनने वृंद थांबविला, पोलिसांना मागे सरण्यास सांगितले, आणि मुलांना समजावून खाली उतरविले. नंतर गाणे पुढे सुरू झाले. त्या रात्री बॉस्टन पुष्कळसे शांत राहिले. याचे सारे श्रेय एका गायकाला देणे भाबडेपणाचे होईल. परंतु मंचावरील त्या दोन-तीन मिनिटांचे श्रेय त्याचेच.

असाच, परंतु विनोदी, प्रसंग चार वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये घडला. तेथील वॉट्स या वस्तीत १९६५ मध्ये झालेल्या दंगलीच्या स्मरणार्थ स्टॅक्सने १९७२ च्या २० ऑगस्टला कोलिसियम क्रीडांगणावर 'वॉट्सस्टॅक्स' हा महोत्सव भरविला. तिकीट एक डॉलर. श्रोते लाखाहून अधिक. अट एकच होती: मैदानातील हिरवळीवर कोणी पाऊल टाकावयाचे नाही. ५५ वर्षांचे रूफस थॉमस गुलाबी रंगाची अर्धी विजार आणि झगा घालून आले, त्यांनी कोंबडीच्या नाचाचे आपले प्रसिद्ध गाणे धरले, आणि कठडे ओलांडून हजारो माणसे हिरवळीवर नाचू लागली. आता त्यांना परत धाडावयाचे कोणी? थॉमसनीच. त्यांनी थट्टामस्करी करीत, कोणाला चिमटे काढीत, तो सारा समुदाय पुन्हा आपापल्या जागी नेऊन बसविला. शेवटी छत्री घेतलेला एकटा गृहस्थ मैदानात नाचत राहिला. थॉमसनी त्याच्यावर जो विनोदाचा मारा केला, तो या महोत्सवाच्या चित्रपटात पाहावयास मिळतो. ज्याच्या अंगी लोकांना नाचविण्याची ताकद आहे, त्याच्याच अंगी त्यांना थांबविण्याचीही असते, हे या दोन प्रसंगांवरून दिसते.

आमच्या गोमंतकीय वाचकांना या सर्व कथेत काही ओळखीचे वाटत असेल, तर ते अकारण नाही. सोलच्या आधीच्या पिढीचे, म्हणजे जॅझचे, कृष्णवर्णीय अमेरिकन वादक १९३५ पासून मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागले: प्रथम लिऑन ॲबी, पुढे टेडी वेदरफर्ड. त्यांच्याकडून ती कला उचलली ती मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. आणि हे वादक सुरांची लिपी शिकले होते ते गोव्यातील चर्चच्या शाळांत. तेथेही, अमेरिकेप्रमाणेच, देवाच्या दारी शिकलेले संगीत नृत्यगृहात पोहोचले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, जे 'चिक चॉकलेट' या नावाने प्रसिद्ध झाले, ते संगीतकार सी. रामचंद्र यांचे सहायक होते, आणि १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात त्यांचा वृंद पडद्यावरही दिसतो. भगवान यांच्या ज्या संथ, खांदे हलविणाऱ्या नाचावर साऱ्या देशाने ठेका धरला, त्याच्या मागे पुणतांब्याचा चितळकर आणि हळदोण्याचा वाझ यांची ही जोडी होती. भगवान यांचा नाच कोणालाही जमण्यासारखा होता. हाच त्याचा गुण.

१९७० नंतर नृत्यगृहांतून जिवंत वृंद मागे पडत गेला. दहा-बारा वादकांना पोसण्यापेक्षा तबकड्या लावणारा एक माणूस स्वस्त, हे कारण साधे आणि पुरेसे आहे. तबकडीवर नाचण्यात आनंद नाही, असे आम्ही म्हणणार नाही. इंग्लंडच्या विगन गावी १९७३ ते १९८१ या काळात गिरण्या-कारखान्यांतील तरुण अमेरिकेत विस्मृतीत गेलेल्या सोलच्या तबकड्यांवर रात्र रात्र नाचत असत, आणि त्यांच्या निष्ठेला तोड नाही. परंतु तबकडी नाचणाऱ्याला पाहत नाही. पायांनी भुई हादरली म्हणून ती एक आवर्तन अधिक घेत नाही. पेन्सिल्व्हेनियातील ती दहा-बारा मिनिटे तबकडीकडून कधीच आली नसती.

म्हणून शॅरन जोन्स हिच्याविषयी लिहिले पाहिजे. ती जन्मली ऑगस्टा येथेच, जेथे रे चार्ल्सने गाण्यास नकार दिला होता आणि जेथे जेम्स ब्राउनचे बालपण गेले. तेथील मोठ्या सभागृहाला २००६ मध्ये ब्राउनचेच नाव देण्यात आले. चर्चमध्ये गाणाऱ्या शॅरनला व्यवसायात कोणी उभे केले नाही. रंग फार काळा, बांधा फार ठेंगणा, वय फार झालेले, असे तिला सांगण्यात आले. न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरील तुरुंगात तिने पहारेकऱ्याची नोकरी केली. चाळिशी उलटल्यावर 'डॅप-किंग्ज' या वृंदाबरोबर ती गाऊ लागली. शिंगवाद्ये, गिटार, ढोल, सर्व जिवंत, सर्व जुन्या रीतीचे. तिच्या कार्यक्रमात श्रोत्यांपैकी कोणाला तरी मंचावर बोलावून त्याच्याबरोबर नाचण्याची तिची प्रथा होती. नाचता न येणारा, लाजणारा माणूस आला तर तिला अधिकच उत्साह येई. २०१३ मध्ये तिला कर्करोगाने गाठले. २०१४ च्या फेब्रुवारीत, औषधोपचाराने केस गेलेल्या डोक्यावर टोप न घालता, ती न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये पुन्हा उभी राहिली आणि सारा वेळ नाचत गाइली. त्यानंतर जवळजवळ आणखी तीन वर्षे ती गात होती. २०१६ च्या नोव्हेंबरात वारली. तिच्या पुनरागमनाची ती रात्र बार्बरा कॉपल यांनी २०१५ मध्ये केलेल्या अनुबोधपटात पाहावयास सापडते.